विद्युत् मोटारीची निगा आणि आपले कर्तव्य
(पेडगाव येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या संमेलनात दरवर्षी लग्नातील अनाठायी खर्च, मुलींचे शिक्षण, व्यसनमुक्ती अशा विषयांवर विद्वान वक्ते बोलतात आणि ते योग्यच होय. यंदा बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आम्ही विद्युत् मोटारीची निगा हा विषय सुचविला. कित्येकांस तो संमेलनाच्या योग्यतेचा वाटला नाही. ज्ञातीच्या उन्नतीशी मोटारीचा संबंध काय, असा प्रश्न आला. त्याचे उत्तर देऊनच पुढे जाणे बरे.

लोखंड आणि लाकूड ही आपल्या ज्ञातीची पिढीजात भाकरी. औत, तिफण, मोटेचे चाक, गाडीच्या चाकावर चढविलेली धाव, ही आपल्या वाडवडिलांच्या हातची कामे. मोट गेली, तिच्यामागोमाग तेलावरचे इंजिन आले, ते जाऊन आता विजेची मोटार आली. परभणी, मानवत, सेलू या पट्ट्यातील सरकीपासून रुई वेगळी करणारे जिनिंगचे कारखाने, पिठाच्या गिरण्या, डाळमिल, विहिरीवरचे पंप, सारे मोटारीवर चालते. आणि या मोटारी बसविणारे, दुरुस्त करणारे, जळाल्यावर त्यांचे वाइंडिंग पुन्हा भरणारे कारागीर कोण आहेत म्हणाल तर त्यांत आपल्याच घरांतील मुले बरीच आहेत. हत्यार बदलले, धंदा तोच राहिला. तेव्हा या यंत्राचे ज्ञान हे आपल्या ज्ञातीचे नव्या काळातील कुळाचाराइतकेच आवश्यक ज्ञान आहे, असे आम्ही समजतो. आम्ही अभियंते नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक आहोत. परंतु मुलांस विज्ञान शिकविताना जे वाचले आणि कारागिरांच्या शेजारी बसून जे पाहिले, तेवढे मांडतो.

प्रथम थोडा इतिहास. विजेच्या प्रवाहाने तार चुंबकाभोवती सतत फिरते हे मायकेल फॅरडे याने १८२१ साली इंग्लंडात दाखविले. पण कारखान्यात चालेल अशी मोटार व्हायला आणखी साठ-सत्तर वर्षे लागली. निकोला टेस्ला याची फिरत्या चुंबकीय क्षेत्राची पेटंटे १८८८ ची, आणि आज आपल्या विहिरीवर दिसते त्या जातीची तीन फेजची मोटार डोलिवो-डोब्रोवोल्स्की या रशियन अभियंत्याने १८८९ च्या सुमारास जर्मनीत सिद्ध केली. तिच्या फिरत्या भागास बाहेरून एकही तार जोडलेली नसते. म्हणूनच ती साधी, दणकट आणि कमी दुरुस्तीची. महाराष्ट्रात लोखंडी नांगरापासून यंत्रोद्योग उभा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, आणि त्यांच्याच घराण्याने १९४६ साली बंगळूरास विद्युत् यंत्रांचा स्वतंत्र कारखाना काढला. नांगर करणारा हात मोटार करू शकतो, हा त्यातला धडा आपल्यासारख्यांनी मनात ठेवण्याजोगा आहे.

आता मुख्य विषय. मोटार जळते म्हणजे नेमके काय होते? मोटारीत जेवढी वीज जाते तेवढी सारी कामाच्या रूपाने बाहेर येत नाही. ५ अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅटची मोटार घ्या. तिची कार्यक्षमता शेकडा ८५ धरली तर पूर्ण भारावर तिला सुमारे ४.३५ किलोवॅट वीज लागते. मधले जे साडेसहाशे वॅट, त्यांची उष्णता होते. म्हणजे कपड्यांची एक इस्त्री त्या लोखंडी कवचात अहोरात्र तापत ठेवावी, तशी गोष्ट झाली. ही उष्णता जितक्या वेगाने उत्पन्न होते तितक्याच वेगाने बाहेर गेली, तर मोटार एका ठराविक तापमानावर स्थिर राहते. बाहेर जाणे अडले की तापमान चढत जाते. मोटारीच्या निगेचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत आहे.

उष्णतेने तांबे किंवा लोखंड बिघडत नाही. बिघडते ते तारेवरचे व्हार्निश आणि खाचांतील कागद, म्हणजे इन्सुलेशन. या इन्सुलेशनच्या प्रती ठरलेल्या आहेत आणि त्या मोटारीच्या पाटीवर इंग्रजी अक्षराने दाखवितात. ‘बी’ प्रतीस १३० अंश सेल्सिअसची मर्यादा, ‘एफ’ प्रतीस १५५ अंशांची, ‘एच’ प्रतीस १८० अंशांची. हिशेब असा की भोवतालची हवा ४० अंश धरावयाची, ‘बी’ प्रतीत त्यावर ८० अंश वाढ होऊ द्यावयाची आणि आतल्या सर्वांत तप्त जागेसाठी १० अंश राखून ठेवावयाचे, बेरीज १३०. आता आपल्या परभणीचा वैशाख आठवा. सावलीतच पारा ४३-४४ अंशांवर जातो. पत्र्याच्या बंद खोलीत तो त्याहून वर. म्हणजे कारखानदाराने जी ४० अंशांची हवा गृहीत धरली, ती आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी नसतेच. मोटार सुरू होण्यापूर्वीच आपण तिच्या वाट्याचे पाच-दहा अंश खर्च केलेले असतात.

हे पाच-दहा अंश क्षुल्लक समजू नका. अनुभवाने ठरलेला एक ठोकताळा असा की, मर्यादेवर दर १० अंश वाढीमागे इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते. जी मोटार वीस वर्षे चालावी, ती सतत १० अंश अधिक तापली तर दहा वर्षे, २० अंश अधिक तापली तर पाचच वर्षे. शाळेतल्या मुलासही सुटेल असे हे गणित आहे. ज्या दिवशी धूर निघतो त्या दिवशी मोटार जळाली असे आपण म्हणतो. वस्तुतः ती कित्येक महिने आधीपासून झिजत आलेली असते.

ही उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था कशी असते ते पाहू. आपल्याकडील बहुतेक मोटारी चोहोबाजूंनी बंद कवचाच्या असतात. कवचावर उभ्या पट्ट्या असतात. त्यांमुळे हवेस लागणारा पृष्ठभाग वाढतो. मागील टोकास दांड्यावर पंखा असतो, त्यावर जाळीचे झाकण असते. पंखा जाळीतून हवा ओढतो आणि पट्ट्यांवरून पुढे फेकतो. झाकण केवळ बोटांच्या रक्षणासाठी नाही. हवेला पट्ट्यांच्या अंगावरून नेण्याचे काम तेच करते. झाकण काढून मोटार चालविली तर पंखा फिरतो, पण हवा इतस्ततः उधळते आणि पट्ट्या तापतच राहतात.

आमच्या माहितीतील एका जिनिंगमध्ये एकाच मोसमात एक मोटार दोनदा जळाली. मालकाने पहिल्यांदा वाइंडिंगवाल्यास दोष दिला, दुसऱ्यांदा विजेस दिला. तिसऱ्या वेळी एका तरुण कारागिराने मोटार उघडण्याआधी पंख्याचे झाकण काढले. आत रुईचे तंतू आणि तेलकट धूळ यांचा इतका दाट थर होता की, मोटारीस जणू दुलई पांघरली होती. पट्ट्यांमधल्या खाचा बुजून सपाट झाल्या होत्या. त्याने ब्रशाने व कोरड्या हवेच्या फवाऱ्याने तो थर काढला, आणि दर आठवड्यास साफसफाईचा नियम घालून दिला. ती मोटार पुढे नीट चालली. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत जिनिंगचा मोसम. त्या काळात रुईच्या धुळीत एक आठवडा हा फार मोठा अवधी आहे. शिवाय तापलेल्या मोटारीवरील रुई म्हणजे आगीस निमंत्रण, हे निराळे सांगावयास नको.

शेतावर प्रकार वेगळा, परिणाम तोच. चोरीच्या भयाने मोटारीस लोखंडी पेटीत कोंडतात आणि पेटीस हवेचे भोकही ठेवीत नाहीत. भिंतीस इतकी चिकटवून बसवितात की पंख्यास श्वास घेण्यास जागा नाही. कित्येक जण उन्हाळ्यात मायेने मोटारीवर ओले पोते टाकतात. ही माया घातक होय. पोत्याने हवेचा मार्ग बंद होतो आणि पाणी झिरपून आत जाते. उन्हापासून रक्षण करावयाचे तर वर छप्पर करा, चारी बाजू मोकळ्या ठेवा, पंख्यामागे निदान एक वीतभर तरी जागा सोडा. दर वर्षी पट्ट्यांवर रंगाचे थर चढवीत जाणेही बरे नव्हे. रंग उष्णतेस अडवितो.

दुसरे कारण विजेचे. तीन फेजची मोटार ४१५ व्होल्टसाठी केलेली असते. सर्वांच्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या की डीपीवर ताण येतो आणि व्होल्टेज ३५० पर्यंत उतरते. पंपाला पाणी तर तेवढेच उचलावयाचे असते. म्हणून मोटार अधिक प्रवाह ओढते, जवळजवळ शेकडा १९ अधिक. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती शेकडा ४० अधिक होते. याच वेळी मोटारीचा फिरविण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटून शेकडा ७१ वर येतो. उष्णता वाढली, जोर घटला, अशा दुहेरी कात्रीत ती सापडते. तीन फेजमधील व्होल्टेज सारखे नसेल तर तेही वाईट. शेकडा साडेतीन एवढी तफावत झाली तरी तापमानवाढीत सुमारे एक-चतुर्थांश भर पडते. आणि एक फेज अजिबात गेली व मोटार चालूच राहिली, तर उरलेल्या दोन तारांतील प्रवाह पावणेदोन पट आणि उष्णता तिप्पट होते. अशा मोटारीचे आयुष्य मग मिनिटांत मोजावे लागते.

यावर रक्षक आहे, पण आपण त्याचे हात बांधून ठेवतो. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटारीच्या पाटीवर जो प्रवाह लिहिलेला असेल तेवढ्यावरच तो लावावा. ५ अश्वशक्तीच्या मोटारीस हा आकडा सात-साडेसात अँपियरच्या घरात असतो. रिले वारंवार पडू लागला की आपले लोक त्याचा काटा वाढवून ठेवतात, नाहीतर त्याला बाजूस करून थेट जोडणी देतात. कीटकॅटमध्ये फ्यूज तारेऐवजी तांब्याची जाड तार घालतात. राखणदार भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधावे आणि मग चोरी झाली म्हणून रडावे, तसे हे आहे. रिले पडतो तेव्हा तो काही सांगत असतो, ते ऐकावे. वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारे जे ‘ऑटो’ लावतात, त्यांतही फेज आणि व्होल्टेज पाहणारा व थोडा वेळ थांबून चालू करणारा असेल तोच घ्यावा. सुरू होताना मोटार नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह घेते. वीज पाच-पाच मिनिटांनी येत-जात असेल आणि मोटार दर वेळी उठत असेल, तर ती उष्णता बाहेर टाकण्यास तिला उसंतच मिळत नाही.

बोअरमधील पाणबुडी मोटारीविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे सांगतो, कारण ती डोळ्यांआड असते. तिला पंखा नसतो. भोवतालून वाहणारे पाणी हाच तिचा पंखा. मोटार खाली व पंप वर अशी रचना असते ती याचसाठी, की पाणी मोटारीच्या अंगावरून वर जावे. पण झरा मोटारीच्या वरच्या अंगास असला, तर पाणी वरूनच पंपात शिरते आणि मोटार खाली साचलेल्या स्थिर पाण्यात तापत बसते. अशा ठिकाणी मोटारीभोवती नळीचे आवरण घालावे, म्हणजे पाण्याला तिच्या अंगावरून जाणे भाग पडते. मोटार तळातील गाळात टेकू देऊ नये. पाण्याने भरावयाच्या मोटारीत सोडण्यापूर्वी स्वच्छ पाणी काठोकाठ भरून हवेचे बुडबुडे काढावेत. बोअरचे पाणी संपल्यावर कोरडी चालली तर ती फार काळ टिकत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाणी आटण्यावर लक्ष ठेवावे.

आता नित्याच्या निगेचा क्रम सांगतो. तो घरातील मुलीबाळींनाही करता येण्याजोगा आहे.

रोज मोटार सुरू झाल्यावर दोन मिनिटे तिच्याजवळ उभे राहून आवाज ऐकावा. घरघर, किरकिर, थरथर यांत कालच्यापेक्षा फरक आहे काय, ते पाहावे. हात लावून मोटारीची परीक्षा करण्याची चाल आहे. ती फसवी आहे. ६० अंशांच्या वस्तूवर हात काही क्षणच टिकतो, आणि चांगल्या प्रतीच्या निरोगी मोटारीचे कवच त्याहूनही तापू शकते. तेव्हा ‘चटका बसला म्हणजे बिघडली’ असे नाही. ‘रोजच्यापेक्षा जास्त तापली’ हीच खरी खूण. जळक्या व्हार्निशचा वास आला तर मात्र विचार न करता बंद करावी.

आठवड्यास, आणि जिनिंगमध्ये गरजेप्रमाणे त्याहून लवकर, जाळी व पट्ट्या कोरड्या ब्रशाने साफ कराव्यात. महिन्यास पायाचे नटबोल्ट, पट्ट्याचा ताण आणि वायरीच्या जोडण्या पाहाव्यात. सैल जोडणी स्वतःच तापते आणि एक फेज घालविते. क्लँप मीटरने तिन्ही तारांतील प्रवाह मोजून वहीत लिहावा. एका आकड्यास काही अर्थ नसतो. महिन्यामागून महिन्याचे आकडे शेजारी मांडले म्हणजे मोटार स्वतःची प्रकृती स्वतःच सांगते.

बेअरिंगला वंगण देण्यात आपल्याकडे औदार्याचा अतिरेक होतो. ग्रीस जितके जास्त तितके बरे, ही समजूत चुकीची. ठासून भरलेले ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि बेअरिंग बिघडविते. पोकळीचा तिसरा हिस्सा ते निम्मा, एवढेच ग्रीस असावे. दोन जातींचे ग्रीस मिसळू नये. दोन्ही बाजूंनी बंद अशा बेअरिंगला ग्रीस द्यावयाचेच नसते.

वर्षातून एकदा, आणि पावसाळ्यात बंद राहिलेली मोटार सुरू करण्यापूर्वी अवश्य, ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासावे. ४१५ व्होल्टच्या मोटारीस एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर ती सुरू करू नये. आधी सौम्य उष्णतेने वाळवावी. पाचच्या वर असेल तर मन निश्चिंत ठेवावे. आणि हे सारे करताना मुख्य स्विच बंद करून, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवल्यावाचून मोटारीस हात लावू नये. अर्थिंगची तार ही शोभेची वस्तू नव्हे. ओल्या जमिनीवर, अनवाणी, घाईने केलेल्या दुरुस्तीत किती घरांचे कर्ते पुरुष गेले, हे या सभेतील माताभगिनींस आम्ही सांगावे असे नाही.

आता जे बोलावयाचे ते आपल्यातील वाइंडिंगच्या धंद्यातील तरुणांस उद्देशून आहे, आणि ते थोडे परखड आहे. जळालेली मोटार आपल्या दुकानात येते तेव्हा जुने वाइंडिंग सुटावे म्हणून ती उघड्या जाळात टाकण्याची पद्धत आहे. त्याने काम लवकर होते खरे. परंतु लोखंडाच्या पातळ पत्र्यांमध्ये जो इन्सुलेशनचा लेप असतो तो प्रखर आगीत नष्ट होतो, आणि मग ते लोखंडच आतून तापू लागते. गिऱ्हाइकास वाटते मोटार नवी झाली. ती घरी जाते ती अधिक वीज खाणारी व अधिक तापणारी होऊन. तार एक नंबर बारीक वापरणे, वेढे कमी घालणे, व्हार्निश नीट न वाळविणे, हेही तसेच. मोटार सहा महिन्यांत परत येते. काहींस हा धंद्याचा लाभ वाटत असेल.

येथे आम्हांस बलुत्याची आठवण होते. बलुतेदारीत मान कमी, अवलंबित्व फार आणि अन्यायही पुष्कळ होता. ती पुन्हा यावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट शिकण्यासारखी होती. कारागिरास मोबदला मिळे तो वर्षाचा, खळ्यावर, धान्याच्या रूपाने. मोडतोडीच्या संख्येवर नव्हे. तेव्हा औत वर्षभर मोडू नये यातच कारागिराचे हित होते. आज गणित उलटे झाले आहे. मोटार जितक्या वेळा जळेल तितकी आपली कमाई. आपले पोट दुसऱ्याच्या नुकसानीवर अवलंबून राहिले, तर हाताचे कसब हळूहळू हातचलाखी होते, आणि पिढ्यान् पिढ्या मिळविलेला विश्वास एका पिढीत जातो. गहू ओंबीवर असताना मोटार जळाली तर कुणब्याचे आठ दिवस जात नाहीत, त्याचे वर्ष जाते. त्या वर्षात त्याच्या मुलीची फी असते, सावकाराचे देणे असते.

म्हणून आमची मंडळास विनंती अशी. एक, मंडळाच्या निधीतून एक चांगला मेगर व एक क्लँप मीटर घ्यावा आणि ज्ञातीतील होतकरू कारागिरांस तो पाळीपाळीने वापरावयास द्यावा. दोन, आयटीआयमध्ये शिकलेल्या आपल्या मुलांनी वर्षातून दोनदा, जिनिंगच्या मोसमापूर्वी आणि उन्हाळ्यापूर्वी, नवशिक्यांसाठी एक दिवसाचा वर्ग घ्यावा. त्यात मुलींनाही बसवावे. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, आपल्या कारागिरांनी गिऱ्हाइकाशी वर्षाचा करार करावा: ठराविक रक्कम घ्यावी, महिन्यास एक फेरी मारून मोटार पाहावी, वहीत आकडे लिहावे आणि वर्षात मोटार जळू न देण्यात आपला अभिमान मानावा. दहा शेतकरी आणि एक-दोन गिरण्या असे बांधले गेले, तर मोसमावर लटकणारी कमाई बारमाही होईल. कोणी म्हणेल, मोटारी जळेनाशा झाल्या तर आपण खावे काय? उत्तर असे की वैद्यास लोक रोगासाठी बोलावतात, परंतु मान देतात तो बरे करण्यासाठी. ज्याच्या हातची मोटार टिकते त्याचे नाव आपोआप चार गावांत जाते. ज्याच्या हातची जळते त्याचेही जाते.

पेडगावच्या स्टेशनावरून रेल्वेने बाहेर जाणारी आपली मुले पुण्या-मुंबईकडे कारखान्यांत कामे करतात. जी येथे राहिली ती मागे राहिली असे कोणी समजू नये. जेथे हजारो मोटारी उन्हात तापत आहेत, तेथे त्या राखणाऱ्याची गरज कमी कशी होईल? विश्वकर्म्याचे वंशज म्हणवून घेण्याचा अधिकार पूजेच्या दिवशी हत्यारांस हळदकुंकू वाहून मिळतो, तो उरलेले दिवस हत्यार स्वच्छ ठेवून टिकवावा लागतो.